दोन वांटे रस्ता, एक वांटा शाळा

कल्याणहून निघून उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तीन शहरांतून जाणारा आणि पुढें वांगणी, नेरळवरून कर्जत गांठणारा जो राज्यमार्ग आहे, त्याच्या आसपास आमची निम्मी हयात गेली. काटईहून खोणी, नेवाळीवरून येणारा दुसरा रस्ता अंबरनाथच्या पूर्वेकडील कारखान्यांजवळून बदलापुराकडे वळतो. त्याच भागांतील एका गांवच्या शाळेंत आम्ही मुलांस शिकवितों. या रस्त्यांबद्दल शहरांतील सुशिक्षित मंडळी पुष्कळ लिहितात. खड्डे किती पडले, गाड्या किती वेळ खोळंबल्या, काँक्रीट कोठें उखडलें, हें सारें ते लिहितात आणि तें खरेंही असतें. परंतु हा रस्ता कोणाच्या पैशानें, कोणाच्या जमिनींतून व कोणाच्या घामानें झाला, हें लिहावयास कोणास सवड होत नाहीं. ज्यांचा पैसा, जमीन व घाम त्यांत गेला, त्यांच्याच घरीं हें पत्र वाचलें जातें. म्हणून आज आम्ही तें लिहितों.

गेल्या पावसाळ्यांतील गोष्ट. शाळा सुटण्याच्या वेळीं एक वृद्ध शेतकरी दाराशीं येऊन उभे राहिले. त्यांचा नातू आमच्याच शाळेंत शिकतो. अंगावरची प्लास्टिकची खोळ बाजूस ठेवून त्यांनीं सदऱ्याच्या आंतून एक कागद काढला व म्हणाले, "गुरुजी, यो कागुद जरा वाचून दावा." कागद एका सरकारी कचेरीचा होता. रस्ता रुंद करण्याकरितां अमुक गटांतील जमीन मोजावयाची आहे, कोणाची हरकत असल्यास अमुक तारखेच्या आंत लेखी कळवावी, असा त्याचा मतलब होता. ती तारीख उलटून दीड महिना झाला होता.

आम्हीं विचारलें, "बाबा, हा कागद घरीं आला कधीं?"

ते म्हणाले, "भात लावाच्या आधीं आल्ता. सरकारचा कागुद, म्हनून देवाजवल ठेवला."

कागदाच्या कोपऱ्यास हळदीचें बोट लागलेलें होतें. आणखी एक गोष्ट आम्हांस दिसली. नोटिशींत नांव होतें तें या बाबांचें नव्हे, त्यांच्या वडिलांचें. वडील वारून वीस वर्षांवर काळ लोटला; परंतु वारसांचीं नांवें सात-बाऱ्यावर चढविण्यास कोणी गेलें नाहीं. म्हणजे जमीन कसणारा जिवंत माणूस कागदावर नाहीं आणि कागदावर आहे तो माणूस या जगांत नाहीं. अशा स्थितींत उद्यां मोबदला निघाला तरी तो घ्यावयास कोणी कोणत्या नात्यानें जावें?

वाचकहो, त्या बाबांस हंसूं नका. ज्या कागदानें त्यांची जमीन जावयाची होती, त्याच कागदाची त्यांनीं पूजा केली. यांत त्यांचा भाबडेपणा आहे, पण दोष त्यांचा एकट्याचा नाहीं. त्यांच्या दाराशीं रस्ता पोहोंचला, परंतु वाचतां येण्याची विद्या पोहोंचली नाहीं. असें कां झालें, हें समजावयास थोडें मागें गेलें पाहिजे.

कल्याण हें फार जुनें बंदर. नाणेघाट उतरून आलेला घाटावरचा माल बैलांच्या पाठीवरून कल्याणास येई; दुसरी वाट उल्हास नदीच्या खोऱ्यानें बोरघाटाकडे चढे. कान्हेरी, जुन्नर येथील लेण्यांत कल्याणच्या माणसांनीं दिलेल्या दानांचे लेख आहेत आणि त्या दानकर्त्यांत व्यापारी आहेत, तसे कारागीरही आहेत. पुढें शिलाहार राजांच्या काळांत अंबरनाथास वालधुनी नदीच्या कांठीं शिवाचें देऊळ उभें राहिलें. त्याच्या शिलालेखांत शके 982, म्हणजे सन 1060, हें वर्ष आहे व मुम्मुणि राजाचें नांव आहे. एवढे दगड कोणत्या वाटेनें आले, कोणाच्या बैलांनीं ओढले, कोणत्या पाथरवटानें त्यांवर छिन्नी चालविली? राजाचें नांव दगडावर राहिलें; दगड वाहणाराचें नांव कोण कोरतो? बदलापुराबद्दल लोक असें सांगतात कीं येथें शिवाजी महाराजांच्या सैन्याचे घोडे बदलले जात, त्यावरून हें नांव पडलें. तें खरें असो वा नसो, या खोऱ्यानें वाटसरूंची ये-जा फार पूर्वींपासून चालत आली आहे, एवढें त्यावरून दिसतें.

इंग्रजी अमलांत 1830 सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला. 1854 सालीं आगगाडी कल्याणास आली आणि 1856 सालीं ती याच खोऱ्यानें बदलापुरावरून खोपोलीच्या बाजूस गेली. रूळ पडले तेही शेतांतून व भरावाची माती वाहिली तीही आमच्याच आयाबायांच्या पाट्यांनीं. परंतु गांवापासून स्टेशनापर्यंत मात्र चिखलाचीच वाट राहिली. भाताचे पल्ले व गवताचे भारे घेऊन गाडीवान पावसाच्या आधीं धडपडत स्टेशन गांठीत. ज्या सुतारानें चाक घडविलें व ज्या लोहारानें त्यावर धांव चढविली, त्यांचें पोट त्या गाड्यांवर चाले.

आतां मुद्द्याची गोष्ट. या रस्त्यांस पैसा कोठून आला? सरकारनें पदरचा दिला असें कोणास वाटत असेल तर तो भ्रम आहे. सन 1869 च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत शेतसाऱ्याच्या दर रुपयामागें एक आणा जादा घेण्याची वहिवाट पक्की झाली. त्यास लोकल फंड म्हणत. पीक येवो वा न येवो, सारा भरतांना हा आणा भरावाच लागे. त्या आण्याचे तीन वांटे करीत. दोन वांटे रस्ते, विहिरी, धर्मशाळा अशा कामांकडे जात आणि एक वांटा शाळांकडे. म्हणजे रस्ता काय आणि शाळा काय, दोन्हींचा धनी साराभऱ्या शेतकरीच होता. पण दोन वांट्यांचा रस्ता पुढें गेला आणि एका वांट्याची शाळा मागें राहिली. त्या एका वांट्यांतूनही जी शाळा निघे, ती बहुधा मोठ्या गांवीं निघे. तेथें पाटी घेऊन बसणारीं मुलें बहुतेक लिहित्या-वाचत्या घरांतलीं असत. नांगरामागें चालणाराचें पोर गुरांमागेंच राही.

महात्मा जोतीराव फुले यांनीं हें गाऱ्हाणें 1882 सालीं हंटर कमिशनपुढें स्पष्ट मांडलें. सरकारी उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या श्रमांतून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांकडे जातो, असें त्यांचें म्हणणें होतें. म्हणून बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, असें त्यांनीं मागितलें. पुढच्याच वर्षीं त्यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला. जोतीराव स्वतः बांधकामाचे ठेकेदार होते. सरकारी कामांत पैसा कसा मुरतो व मजुराच्या हातीं काय पडतें, हें त्यांस पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. छत्रपति शाहू महाराजांनीं कोल्हापूर संस्थानांत 1917 सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि 1918 सालीं कुळकर्णी वतनें बंद करून तलाठी नेमले. या दोन गोष्टी त्यांनीं एकामागून एक केल्या, यांतलें मर्म आपण ओळखावें. गांवाचें दप्तर एकाच घराण्याच्या हातीं वंशपरंपरा राहूं नये आणि ज्याचें दप्तर त्यास तें वाचतां यावें, हीं दोन्हीं कामें मिळून एकच काम होतें.

इकडे आमच्या खोऱ्यांत काय चाललें होतें तें पाहा. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावण्या पडल्या. त्याच सुमारास, 1943 सालीं, नागपुरास इंजिनियरांची परिषद भरून देशांतील रस्त्यांचे वर्ग ठरले. राष्ट्रीय मार्ग पहिले, मग प्रांताचे म्हणजे आजचे राज्यमार्ग, मग जिल्ह्याचे थोरले व धाकटे रस्ते, आणि सर्वांच्या शेवटीं गांवरस्ते. पंगतींत गांव शेवटच्या पानावर बसला, तो आजही तेथेंच बसला आहे. राज्यमार्गास डांबर चढतें, डांबरावर काँक्रीट चढतें. त्यापासून आंत वळलें कीं पावसाळ्यांत पोरें चपला हातांत घेऊन शाळेंत येतात.

फाळणीनंतर त्या रिकाम्या छावण्यांत सिंधमधून आलेले सुमारें एक लाख निर्वासित राहिले आणि 8 ऑगस्ट 1949 रोजीं गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें उल्हासनगरचा पाया घातला गेला. त्या लोकांबद्दल आमच्या मनांत किंतु नाहीं. घरदार, शेतवाडी टाकून ते आले, कष्टानें उभे राहिले. जमिनीवरून उठणें म्हणजे काय, हें त्यांच्याइतकें दुसऱ्या कोणास कळणार? अंबरनाथास विम्कोचा आगपेट्यांचा कारखाना 1920 च्या दशकांत निघाला. तो आतां बंद आहे. स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आले. 1962 सालीं राज्याचें औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालें व पुढें अंबरनाथ, बदलापूर येथें कारखान्यांच्या वसाहती वसल्या. 2011 च्या खानेसुमारींत उल्हासनगरची वस्ती 5,06,098, अंबरनाथची 2,53,475 व बदलापूरची 1,74,226 भरली. तीन शहरें मिळून नऊ लाखांवर माणसें झालीं. तेव्हांपासून इमारती किती वाढल्या हें डोळ्यांनीं दिसतेंच आहे. एवढ्या माणसांस रस्ता पुरेना, म्हणून तो वाढवावा लागतो. आणि रस्ता वाढतो तो आकाशांत नव्हे, कोणाच्या तरी बांधावरून वाढतो.

याच काटई रस्त्यावर नेवाळी नाका आहे. तेथील गोष्ट सर्वांनीं ध्यानांत ठेवावी. महायुद्धाच्या काळांत इंग्रज सरकारनें नेवाळी व आसपासच्या गांवांच्या जमिनी विमानाच्या धांवपट्टीकरितां घेतल्या. युद्ध संपलें, विमानें गेलीं. शेतकरी पुन्हा जमिनी कसूं लागले. त्यांचें म्हणणें असें कीं जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळाली पाहिजे. सरकारचें म्हणणें असें कीं जमीन संरक्षण खात्याची आहे. पाऊणशे वर्षें उलटलीं तरी हा वाद मिटला नाहीं. नौदलानें कुंपणाची भिंत घालण्यास घेतली आणि 22 जून 2017 रोजीं भडका उडाला. रस्ते अडले, पोलिसांच्या गाड्या जळल्या, शेतकरी व पोलिस दोन्हींकडचीं माणसें जखमी झालीं. जाळपोळ आम्हांस मान्य नाहीं. तिनें जमीन परत येत नाहीं, पोरांवर खटले मात्र येतात. परंतु ज्या आजोबापणज्यांनीं जमीन दिली, त्यांच्या हातीं त्या वेळीं कोणता कागद पडला, त्यावर काय लिहिलें होतें आणि तें त्यांस कोणी वाचून दाखविलें होतें काय, हा प्रश्न आमच्या मनांतून जात नाहीं. युद्धाच्या धामधुमींत शेतकऱ्याच्या घरांतील एकाही मुलास इंग्रजी तर सोडाच, मराठी नोटीस धड वाचतां येत नसेल, तर त्याचे नातू पाऊणशे वर्षांनीं रस्त्यावर येतात.

याच्या उलट नवी मुंबईची गोष्ट घ्या. तेथेंही गांवोगांवच्या जमिनी शहराकरितां घेतल्या गेल्या. 1984 च्या जानेवारींत उरण तालुक्यांत गोळीबार होऊन पांच शेतकरी बळी पडले. त्या लढ्याचे पुढारी दि. बा. पाटील हे जासई गांवचे, आणि ते वकील होते. त्या लढ्यांतून संपादित जमिनीच्या बदल्यांत साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. लोकांनीं रक्त सांडलें हें खरें. पण त्यांच्या पुढें चालणारास कायद्याचा कागद वाचतां येत होता, हेंही तितकेंच खरें.

आमचें सांगणें एवढेंच आहे. ज्यानें रस्त्याचे दोन वांटे भरले, त्यानें आपला शाळेचा तिसरा वांटा आतां वसूल करावा. आणि तो वसूल करणें म्हणजे पोरास चार इयत्ता शिकवून फॅक्टरीच्या फाटकावर उभें करणें नव्हे. आपल्या घराचा सात-बारा, फेरफार, नोटीस व नकाशा घरांतल्या एका तरी माणसास अडखळल्याशिवाय वाचतां आला पाहिजे.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, तुम्हांस रस्ता नको आहे काय?" रस्ता हवा आहे. अडलेली बाळंतीण वेळेवर दवाखान्यांत पोहोंचते ती रस्त्यामुळें. आमच्या शाळेंतल्या मुली कॉलेजांत जाऊं लागल्या त्या रस्त्यामुळें. आमच्या भाजीवाल्या बाया पहांटे टोपल्या घेऊन बाजार गांठतात त्याही रस्त्यामुळेंच. रस्त्यास विरोध करणारा माणूस आपल्याच पायांत कांटा रुतवितो. आमचा विरोध आहे तो आंधळेपणानें देण्यास. डोळे उघडे ठेवून द्या. किती दिलें, कोणत्या गटांतून दिलें, त्याचें काय मिळालें, हें लिहून ठेवा.

दुसरा कोणी म्हणेल, "मास्तरानें शाळा पाहावी, या भानगडींत पडूं नये." आम्ही शाळाच पाहत आहों. मुलांस आम्ही गणितांत क्षेत्रफळ शिकवितों, भूगोलांत नकाशा शिकवितों, भाषेंत पत्रलेखन शिकवितों. तेंच क्षेत्रफळ आपल्या शेताचें काढलें, तोच नकाशा आपल्या गटाचा पाहिला आणि तेंच पत्र हरकतीचा अर्ज म्हणून लिहिलें, तर त्यांत कोणता गुन्हा झाला?

आतां कामाच्या चार गोष्टी सांगतों. त्या कात्रण करून ठेवाव्या.

पहिली गोष्ट, घरांतील कर्ता माणूस वारल्यावर तेराव्याचे पान वाढतां, तसेंच वारस नोंदीचा अर्जही त्याच महिन्यांत द्या. फेरफार मंजूर झाल्यावर सात-बाऱ्याचा नवा उतारा काढून नांवें तपासा. मुलींचीं व विधवा सुनेचीं नांवें गाळूं नका. बहिणीनें हक्क सोडला असें तोंडी सांगून भागत नाहीं. आणि तिच्यावर दडपण आणून सही घेणें हें तर पाप आहे.

दुसरी, नोटीस आली कीं ती कोणत्या कायद्याखालीं आहे तें प्रथम पाहा. 1894 चा जुना भूमिसंपादनाचा कायदा जाऊन 2013 चा नवा कायदा 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्या कायद्याप्रमाणें प्राथमिक अधिसूचना निघाल्यापासून साठ दिवसांच्या आंत कलेक्टरकडे लेखी हरकत देतां येते. राज्याच्या महामार्ग कायद्यानें किंवा दुसऱ्या कायद्यानें जमीन घेत असतील तर रीत व मुदत निराळी असते. म्हणून कायद्याचें नांव व तारीख आधीं वाचा. त्या 2013 च्या कायद्यांत जमिनीच्या ठरलेल्या किमतीवर तेवढीच रक्कम दिलासा म्हणून देण्याची तरतूद आहे. घर, विहीर व झाडें यांचाही हिशेब होतो. ठरलेली रक्कम कमी वाटली तर लेखी हरकत नोंदवूनच ती घ्या व फेरनिवाड्याकरितां मुदतीच्या आंत अर्ज करा. न वाचतां अंगठा उठवूं नका, आणि वाचतां येत असून न वाचतां सही करूं नका. हें दुसरें पाप पहिल्याहून मोठें आहे.

तिसरी गोष्ट ज्यांच्या नांवावर जमीन नाहीं त्यांच्याकरितां आहे. कूळ, वांटेकरी, शेतमजूर व कारागीर हे तीन वर्षांपासून त्या जागेंत काम करीत असतील आणि त्यांचें मुख्य पोट त्या संपादनानें बुडत असेल, तर त्यांचें कुटुंबही बाधित कुटुंब धरावें, असें त्याच कायद्यांत लिहिलें आहे. म्हणून नाक्यावरच्या लोहारानें, कुंभारानें, भाता-धार लावणारानें 'आपली कोठें जमीन आहे' असें म्हणून स्वस्थ बसूं नये. आपण तेथें काम करतों याचा पुरावा जमवून ठेवावा. रस्त्याच्या कडेला बसून भाजी, मासळी, मडकीं विकणाऱ्या बायांनींही ऐकावें. फेरीवाल्यांचा कायदा 2014 सालीं झाला. त्यांत फेरीवाल्यांची मोजणी करून त्यांस दाखला द्यावयाचा आहे. शहर फेरीवाला समितींत शेंकडा 40 जागा फेरीवाल्यांच्या व त्यांतील एक तृतीयांश बायांच्या ठेवल्या आहेत. आणि हलविण्यापूर्वीं तीस दिवसांची नोटीस द्यावी असें लिहिलें आहे. टोपली उचलली गेल्यावर रडण्यापेक्षां टोपलीबरोबर दाखला ठेवणें बरें.

चौथी, तक्रार कोणाकडे करावयाची तें आधीं विचारून घ्या. रस्त्याचा एक तुकडा बांधकाम खात्याचा, दुसरा नगरपालिकेचा, तिसरा महामंडळाचा, अशी वांटणी असते. तोंडी विचारणारास या दारावरून त्या दारावर फिरावें लागतें. लेखी अर्ज द्या, पोंच घ्या, पोंच फाईलींत लावा. फाईल म्हणजे कांहीं साहेबाचीच मिरास नव्हे.

आतां थोडें आपल्याच माणसांस बोलतों. रागावूं नका. पूर्वीं शेतकऱ्यास नाडणारा लेखणीवाला निराळ्या घरचा होता, हें आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. आज काय दिसतें? जमिनीचा दलाल आपल्याच भावकींतला, सोन्याची सांखळी घालून आपल्याच ओट्यावर बसलेला. तो म्हणतो, "काका, मी आहे ना, तुम्ही फक्त सही करा." काका सही करतात. म्हणून आम्ही म्हणतों, दोष जातीचा नव्हे. एकास वाचतां येतें आणि दुसऱ्यास येत नाहीं, या अंतराचा आहे. तें अंतर राहिलें तर भाऊच भावास खाईल. दुसरें असें कीं रस्त्यांत गेलेल्या जमिनीचा पैसा हातीं आला कीं हळदीचे मांडव पडतात. दारांत मोठी गाडी येते, तीन रात्री कर्णे वाजतात, जेवणावळी उठतात. आणि तीन वर्षांनीं त्याच घरचा मुलगा गोदामावर रखवालदार म्हणून उभा राहतो. जमीन एकदांच विकतां येते, वाचकहो. तिचा पैसा पोरांच्या शिक्षणांत, दुसऱ्या जमिनींत किंवा एखाद्या धंद्यांत गेला तर तो उरला. मांडवांत गेला तर तो मांडवाबरोबर उठला.

या भागांत रस्त्यांचें काम अजून संपलेलें नाहीं. वडोदरा-मुंबई द्रुतगती मार्गाचा फाटा बदलापुराजवळून जात आहे. म्हणजे आणखी मोजण्या होतील, आणखी नोटिसा निघतील आणि त्या पुन्हा देव्हाऱ्यांत जाऊन बसतील. तें थांबवावयास मोठा फंड लागत नाहीं, सभा-मिरवणुका लागत नाहींत. गांवांत जेवढे मास्तर, जेवढीं दहावी-बारावी झालेलीं मुलें-मुली आहेत, त्यांनीं आठवड्याचा एक तास द्यावा. आम्हीं आमच्यापुरतें ठरविलें आहे. दर शनिवारीं शाळा सुटल्यावर एक तास आम्ही ओट्यावर बसतों. ज्याच्या घरीं जो कागद असेल तो त्यानें आणावा. कागद आम्ही वाचीत नाहीं. त्याच घरच्या मुलास किंवा मुलीस मोठ्यानें वाचावयास लावतों आणि अडलें तेथें सांगतों. आरंभीं चार माणसें आलीं, आतां ओटा भरतो. आम्ही वकील नाहीं. जेथें आमची मति चालत नाहीं तेथें चांगला वकील गांठा असें सांगतों. पण वकिलाकडे जाण्यापूर्वीं आपल्या कागदावर काय आहे हें माणसास कळलेलें असतें, हा लाभ थोडा नाहीं.

ते हळदीच्या बोटाचे बाबाही येतात. त्यांच्या हरकतीची मुदत गेली ती गेली. परंतु वारस नोंदीचा अर्ज त्यांनीं दिला आहे. अर्ज नातवानें लिहिला. चुका दोन होत्या, त्या आम्हीं दुरुस्त केल्या. खालीं बाबांनीं अंगठा न उठवितां आपलें नांव लिहिलें. तीन अक्षरें लिहावयास त्यांस बराच वेळ लागला आणि सारा ओटा तोंवर गप्प बसला होता. अर्जाची पोंच मिळाल्यावर तीही ते देवाजवळ ठेवणार होते. आम्हीं हात जोडून सांगितलें, "बाबा, देवाजवळ ठेवा, पण आधीं वाचून ठेवा."